ब्रेन ट्यूमर असताना हालतं-चालतं आणि हुशारीत कसं राहायचं

ऑपरेशन, रेडिएशन, केमो हे सगळं डॉक्टर बघतात पण घरी आल्यावर सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंतचा जो वेळ असतो ना, त्याचं काय करायचं हे फाईलमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं. माझ्या मोठ्या भावाला मेंदूच्या उजव्या बाजूला ग्लायोमा, म्हणजे मेंदूतल्याच पेशींपासून होणारी गाठ आहे, ग्रेड ३. आम्ही मिरजेचे, ऑपरेशन आणि रेडिएशन मुंबईला झालं, आता घरी केमोच्या गोळ्यांची सायकल चालू आहे. दादा, वहिनी आणि मी मिळून जे शिकलो आणि फिजिओ, नर्स, डॉक्टर यांनी जे सांगितलं ते इथे लिहितेय. प्रत्येकाची गाठ वेगळी, जागा वेगळी, त्यामुळे व्यायाम आणि औषधाच्या बाबतीत आपल्या डॉक्टरांना विचारूनच पुढे जा.

आधी ते 'पॉझिटिव्ह राहा' बद्दल. येणारा प्रत्येक माणूस हेच सांगून जातो आणि मग पेशंटला वाटायला लागतं की आपल्याला रडू आलं, भीती वाटली म्हणजे आपण काहीतरी चुकीचं करतोय, आपल्यामुळेच आजार वाढेल. असं अजिबात नाहीये. मन उदास झालं म्हणून गाठ वाढत नाही आणि हसत राहिलं म्हणून ती कमी होत नाही. हे पेशंटला स्पष्ट शब्दात सांगा, एकदा नाही तर परत परत सांगा, त्याच्या डोक्यावरचं केवढं तरी ओझं उतरतं. आम्हाला असं दिसलं की मन आधी ताळ्यावर आणायचं आणि मग माणसाने उठायचं हा क्रमच उलटा आहे. आधी काहीतरी करायचं, अगदी छोटं, मग मन हळूहळू मागून येतं. आणि ते करायचं काम खरं पाहिजे, वेळ घालवायला दिलेलं नको.

दादा साखर कारखान्यात अकाउंट्सला होता, आयुष्यभर आकडे. आजारपणात सगळ्यांनी मिळून त्याच्या हातातलं सगळं काढून घेतलं, तू आराम कर, तू बस, तू काही बघू नकोस. प्रेमापोटीच करतात सगळे पण माणूस घरातल्या घरात पाहुणा होऊन जातो. मग वहिनीने दुधाचा आणि पेपरचा हिशोब परत त्याच्याकडे दिला. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज दूध किती घेतलं ते तोच लिहितो, महिन्याच्या शेवटी बेरीज तोच करतो, पैसे तोच देतो, त्याला वेळ लागतो आणि कधी बेरीज दोनदा करावी लागते पण आम्ही मध्ये बोलत नाही. दूधवाला आता काही असेल तर थेट दादालाच हाक मारतो. तुमच्या घरात काय देता येईल ते बघा, देवाची फुलं काढणं, कुंड्यांना पाणी घालणं, नातवाचे पाढे घेणं, वाणसामानाची यादी. एकच नियम, ते काम त्याने केलं नाही तर घरात खरंच अडलं पाहिजे.

हाताला काम देण्यातच फिजिओ पण होऊन जाते. दादाचा डावा हात कमजोर आहे, बोटं नीट उघडत नाहीत. फिजिओच्या ताईंनी सांगितलं की कमजोर हात वापरात ठेवा, तो विसरून नुसता उजव्यानेच सगळं करायची सवय लागू देऊ नका. म्हणून मेथीची जुडी निवडायला दादाच बसतो, जुडी डाव्या हातात धरायची आणि उजव्याने पानं खुडायची. मटार सोलायला दोन्ही हात लागतात, कपड्यांच्या घड्या घालायला लागतात. एक जुडी निवडायला कितीही वेळ लागू दे, संध्याकाळच्या भाजीला ती हवी एवढंच.

एक गोष्ट मात्र जरा सविस्तर सांगते कारण ती घरच्यांच्या लवकर लक्षात येत नाही. गाठ मेंदूच्या उजव्या बाजूला मागे असेल तर काही पेशंटचं डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही, डोळे चांगले असून सुद्धा. दादाच्या ताटात उजवीकडची भाजी-आमटी संपायची आणि डावीकडची चटणी, कोशिंबीर, लोणचं जसंच्या तसं राहायचं. आईला वाटायचं याला तोंडाला चव नाही. खरं तर त्याला कोशिंबीर खूप आवडते, ती तिथे आहे हेच त्याच्या मेंदूपर्यंत पोचत नव्हतं. पेपर वाचताना ओळी मधूनच सुरू करायचा आणि मग अर्थ लागत नाही म्हणून पेपर बाजूला ठेवून द्यायचा. दाराच्या चौकटीला डावा खांदा आपटायचा. असं काही दिसलं तर डॉक्टरांना सांगा, ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं परत जमायला शिकवणारे) असतील तर त्यांना भेटा, यावर सोपे उपाय असतात. वाचायच्या पानाच्या डाव्या कडेला लाल पट्टी ठेवायची आणि प्रत्येक ओळीला आधी ती लाल पट्टी डोळ्यांनी शोधायची मग वाचायला लागायचं. जेवताना मध्येच ताट फिरवून द्यायचं. आम्ही मुद्दाम डाव्या बाजूला बसून गप्पा मारतो म्हणजे तो तिकडे मान वळवतो. आता दादा स्वतःच ताट फिरवतो आणि पेपरातला अग्रलेख पूर्ण वाचून त्यावर वाद घालतो, ते ऐकायला आम्हाला फार बरं वाटतं.

आता व्यायाम. कॅन्सरच्या थकव्यात नुसतं झोपून राहिलं तर थकवा वाढतो आणि थोडं थोडं चाललं तर कमी होतो, हे ऐकायला उलटं वाटतं पण हे डॉक्टर सुद्धा सांगतात. सुरुवात घरातल्या घरात करा, हॉलपासून स्वयंपाकघरापर्यंत, मग अंगण, मग गल्लीच्या टोकापर्यंत. दिवसातून दोन-तीन वेळा पाच-पाच दहा-दहा मिनिटं चालणं हे एका दमात अर्धा तास चालण्यापेक्षा झेपतं. चालताना बोलता आलं पाहिजे, बोलताना धाप लागली तर थांबायचं. मेंदूची सूज कमी करायला डेक्सामेथासोन नावाची स्टिरॉइडची गोळी देतात, ती बरेच दिवस चालू राहिली की मांड्यांचे स्नायू कमजोर होतात, खुर्चीतून उठता येत नाही, जिना चढता येत नाही. घरच्यांना वाटतं आजार वाढला. त्यासाठी उठ-बस हा सगळ्यात चांगला व्यायाम आहे, हाताची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची, त्यात बसायचं आणि उठायचं, पाच वेळा, मग विश्रांती, मग परत. गरज पडली तर हात टेकवायचे. बसल्या बसल्या पाय सरळ करणं, पाण्याच्या छोट्या बाटल्या हातात घेऊन वर उचलणं, एवढं पण चालतं.

कोणीतरी सोबत पाहिजे आणि सोबत असणाऱ्याने कमजोर बाजूला, जरासं मागे उभं राहायचं. कमजोर हात धरून ओढून उठवायचं नाही, खांदा निखळतो. घरात पायपुसणी, सुट्ट्या सतरंज्या, वायरी हे सगळं वाटेतून काढून टाका, पाय सरकून पडायला तेवढं पुरतं. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवून घ्या, प्लास्टिकचं स्टूल ठेवा. योगा करायचा असेल तर साधा, श्वास संथ ठेवून, शवासन, हातापायाचे हलके प्रकार. कपालभाती, भस्त्रिका, शीर्षासन, डोकं खाली जाईल असं काही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. ऑपरेशननंतर सुरुवातीला वजन उचलणं, खाली वाकून काही काढणं हे पण सर्जनला विचारून. आणि रक्ताच्या रिपोर्टमध्ये प्लेटलेट्स (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) खूप कमी आल्या असतील तर त्या दिवसात व्यायामाचं परत विचारून घ्या.

रोज सारखा नसतो हे पण डोक्यात पक्कं ठेवा. वरच्या ग्रेडच्या गाठींना बऱ्याचदा सहा आठवडे रेडिएशन असतं, आठवड्यातले पाच दिवस, आणि सोबत टेमोझोलोमाइड या केमोच्या गोळ्या. लोकांना वाटतं रेडिएशन संपलं की माणूस टवटवीत होईल पण रेडिएशन संपल्यानंतरच्या काही आठवड्यात थकवा जास्त जाणवू शकतो, दिवसभर झोप झोप होते. तेव्हा घाबरून जाऊ नका, पण डॉक्टरांच्या कानावर घाला. रेडिएशनच्या वेळी चेहऱ्यावर जाळीचा घट्ट मास्क लावून टेबलाला अडकवतात, हलता येत नाही, बऱ्याच जणांना त्यात गुदमरल्यासारखं होतं. दादा त्या वेळात मनातल्या मनात पाढे म्हणायचा, एकोणतीसच्या पाढ्यापर्यंत पोचला की काम झालेलं असायचं. ज्याला जे पाठ असेल ते, अभंग, स्तोत्र, काहीही. डोक्याला त्या काळात तेल, बाम काही लावायचं नाही विचारल्याशिवाय, उन्हात जाताना मऊ सुती टोपी किंवा स्कार्फ.

नंतरच्या सायकलमध्ये गोळ्या बहुतेक २८ दिवसातले पहिले ५ दिवस असतात. या गोळ्या उपाशीपोटी, उलटीची गोळी आधी घेऊन, बऱ्याच ठिकाणी रात्री झोपताना घ्यायला सांगतात, कॅप्सूल फोडायची किंवा चावायची नाही. त्या पाच दिवसात आणि लगेच नंतर आम्ही काहीच ठरवत नाही, ते दिवस लोळायचे. अंगात जरा ताकद आली की मग देवळात जाणं, मित्राकडे जाणं, हॉटेलात डोसा खाणं हे त्या मधल्या दिवसात बसवतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात रक्तातल्या पेशी कमी होतात म्हणून तेव्हा लग्न, जत्रा, गर्दी टाळतो आणि रक्त तपासून घेतो. कॅलेंडरवर हे सगळं लाल-निळ्या पेनाने मांडून ठेवलं की पेशंटला पण कळतं की आजचा वाईट दिवस कशामुळे आहे आणि बरा दिवस कधी येणार.

फिट येण्याची भीती माणसाला घरात कोंडून ठेवते, म्हणून त्याची तयारी केली की बाहेर पडायची हिंमत येते. फिटची गोळी रोज ठरलेल्या वेळेला, मोबाईलचा अलार्म लावून. उपवास असला तरी गोळी चुकवायची नाही, जागरण नको, दारू नको. फिट आली तर जमिनीवर कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, आजूबाजूच्या वस्तू सरकवा, घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत, आणि कांदा नाहीतर चप्पल हुंगवायची पद्धत आहे ती पूर्ण बंद, त्याने काहीही होत नाही. पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली, किंवा एकापाठोपाठ दुसरी आली, तर १०८ ला फोन करून लगेच हॉस्पिटल. हे घरातल्या मुलांना, शेजारच्या काकूंना, सगळ्यांना दाखवून ठेवा. बाथरूमची कडी आतून लावायची नाही, गॅसपाशी एकटं उभं राहायचं नाही, विहिरीत-नदीत पोहायला नको, आणि गाडी डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय चालवायची नाही. गाडी सुटणं हे पुरुषांना फार लागतं हे मी बघितलंय, त्यामुळे त्याला कुठे जायचं असेल तेव्हा तक्रार न करता नेणारं कोणीतरी ठरवून ठेवा. आमच्या गल्लीतला एक रिक्षावाला दादाला सोडायला आणि आणायला येतो, आणि दादाच त्याच्याशी फोनवर ठरवतो.

खाण्याबद्दल थोडक्यात. असा कुठलाही आहार नाही ज्याने ही गाठ विरघळते. गोमूत्र, अमुक काढा, साखर पूर्ण बंद केली की कॅन्सर उपाशी मरतो, असले मेसेज रोज येतात, त्यावर पैसे आणि जीव दोन्ही घालवू नका. काही घेतच असाल तर लपवू नका, डॉक्टरांना सांगा, कारण केमो चालू असताना लिव्हरवर परिणाम होऊ शकतो. स्टिरॉइडने रक्तातली साखर वाढते आणि भूक पण भयंकर लागते, रात्री दोनला सुद्धा, तेव्हा फरसाण-बिस्किटाऐवजी फुटाणे, ताक, उकडलेलं अंडं असं काहीतरी हाताशी ठेवा आणि शुगर तपासत राहा. ज्वारीची भाकरी, मुगाचं वरण, नाचणीची आंबील हे पचतं. उलटीच्या गोळ्यांनी पोट गच्च होतं, पाणी आणि पालेभाजी जास्त. पेशी कमी असताना बाहेरची चटणी, चिरून ठेवलेली फळं, पाणीपुरी नको.

बोलणं आणि आठवण यात पण फरक पडतो. काहींना शब्द सापडत नाही, समोर चमचा दिसतोय पण नाव येत नाही. तेव्हा थांबा. शब्द त्याच्या तोंडात कोंबू नका, लगेच दुसऱ्यांदा विचारू नका. बोलताना टीव्ही बंद करा, एका वेळी एकच गोष्ट सांगा, हो-नाही मध्ये उत्तर देता येईल असं विचारा. एक वही कायम जवळ, त्यात आज काय करायचं, कोण येणार, कुठली गोळी झाली.

चिडचिड हा सगळ्यात नाजूक विषय. शांत माणूस एकदम ओरडायला लागतो, ताट सरकवतो, बायकोला नाही नाही ते बोलतो. हे प्रत्येक वेळी स्वभावाचं किंवा मनाचं नसतं. गाठ कपाळामागच्या भागात असेल तर वागणं बदलू शकतं, स्टिरॉइडने झोप उडते आणि मूड वरखाली होतो, फिटच्या काही गोळ्यांनी, विशेषतः लेव्हेटिरासिटॅमने, काही जणांना राग खूप येतो. कधीपासून सुरू झालं, कुठल्या गोळीनंतर, ते लिहून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. ते डोस बदलू शकतात, गोळी बदलू शकतात, स्टिरॉइड सकाळी घ्यायला सांगू शकतात. स्वतःहून एकही गोळी बंद करायची नाही, स्टिरॉइड तर एकदम कधीच तोडायची नाही. आणि दोन आठवडे सलग कशातच रस नसेल, जगण्यात अर्थ नाही असं बोलत असेल तर मानसोपचार तज्ञांना दाखवा, त्यात कमीपणा काही नाही, हा पण ट्रीटमेंटचाच भाग आहे. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, घरच्यांनी फोन केला तरी चालतो.

एमआरआय जवळ आला की आठवडाभर आधी घरातलं वातावरण बदलतं, कोणी काही बोलत नाही आणि सगळ्यांच्या डोक्यात तेच. आम्ही ते उघड बोलायचं ठरवलंय. दादा म्हणतो मला भीती वाटतेय, आम्ही म्हणतो आम्हाला पण, आणि मग तपासणी आणि रिपोर्ट यांच्या मधल्या दिवसात मुद्दाम काहीतरी काम काढतो, कपाट आवरणं, जुने फोटो लावणं. रिपोर्टचे शब्द स्वतः मोबाईलवर शोधत बसू नका. रेडिएशननंतरच्या पहिल्या काही महिन्यात स्कॅनमध्ये गाठ वाढल्यासारखी दिसते आणि ती खरी वाढ नसते असंही होतं, ते डॉक्टरच ठरवू शकतात.

भेटायला येणाऱ्यांचं पण नियोजन करावं लागतं. दादाच्या समोरच वहिनीला विचारतात, डॉक्टर काय म्हणतात, किती दिवस. वहिनी आता सरळ म्हणते, "भाऊजी, ते समोरच बसलेत, त्यांनाच विचारा." येणाऱ्याला काम द्या, एकाने पेपर मोठ्याने वाचायचा, एकाने कॅरम खेळायचा, एकाने फिरायला न्यायचं, आणि पंधरा-वीस मिनिटात उठायचं. कारखान्यातले दादाचे मित्र रविवारी येतात आणि कारखान्याचंच बोलतात, ऊसदर, कोणाची बदली, कोणाचं भांडण, आजाराचा विषय नाही. रविवारी संध्याकाळी दादाचा चेहराच वेगळा असतो.

पण हे सगळं करताना काही गोष्टी 'आज मूड नाही' म्हणून सोडून द्यायच्या नाहीत. सकाळी उठल्या उठल्या वाढत जाणारी डोकेदुखी आणि उलटी, नेहमीपेक्षा खूप झोप किंवा जागं करूनही न उठणं, नवीन लुळेपणा, एकाएकी बोलता न येणं, ताप, एकच पाय सुजून दुखणं, अचानक धाप लागणं. या आजारात पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका जास्त असतो. यातलं काही झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटल.

पैशाची काळजी असेल तर मन कुठून लागणार, म्हणून ते पण लिहिते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे बरेच उपचार बसतात, हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड-आधार घेऊन पहिल्याच दिवशी भेटा. उपचाराला रेल्वेने जाताना कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थ्री एसीचं भाडं माफ असतं, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत, हॉस्पिटलचा ठरलेला फॉर्म भरून घ्यावा लागतो. परळला टाटा हॉस्पिटलमध्ये ट्रीटमेंट असेल तर राहायला दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा, परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्ण सेवा सदन अशी ठिकाणं आहेत, जागा मिळायला वेळ लागतो म्हणून आधी हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात विचारा, ते चिठ्ठी देतात. पॅलिएटिव्ह केअर विभागाचं नाव ऐकून घाबरू नका, ते फक्त शेवटच्या दिवसांसाठी नसतात, दुखणं, झोप, उलटी, मनाची घालमेल यावर ते सुरुवातीपासून मदत करतात.

आणि सांभाळणाऱ्याचं. वहिनी दर गुरुवारी दुपारी घराबाहेर पडते, देवळात जाते, मैत्रिणीकडे जाते, कधी नुसती बाजारात फिरून येते, तेव्हा मी दादापाशी असते आणि तिला फोन करत नाही. हे जमायला एकच गोष्ट लागते, फ्रिजवर एक कागद लावून ठेवायचा, कुठली गोळी किती वाजता, फिट आली तर काय, डॉक्टरांचा नंबर, फाईल कुठे, शुगर कधी तपासायची, कुठल्या बाजूला उभं राहायचं. तो कागद वाचून घरातलं दुसरं कोणीही तीन तास सांभाळू शकलं पाहिजे, आणि गोळ्या बदलल्या की त्याच दिवशी कागद बदलायचा, तारीख घालून.